शर्यतीतला घरगडी

लोइक,

आज दुपारच्या विमानाने तुझी आई परत गेली. विमानतळावर तिने माझ्या दोन्ही गालांना गाल लावला, तुमच्याकडची रीत आहे तसा, आणि मग ट्रॉली ढकलत आत गेली. तिथून मी ऑफिसला जायला हवं होतं. गेले नाही. घरी आले, पंखा लावला आणि तुझ्याशी बोलायला बसले. मराठीत. यातलं अक्षरही तुला कळलं नसतं, पण तुझी फ्रेंच इंग्रजीत नेताना मी जे करून बसले, त्यानंतर निदान माझ्या भाषेत तरी सरळ बोलावं म्हणते.

तू आलास तेव्हा तुला आणायला मलाच पाठवलं होतं. गिंडीच्या आमच्या त्या सायकल कंपनीत फ्रेंच येणारी मी एकटी. पुण्याला चार वर्षं शिकलेली भाषा चेन्नईत निर्यातीची पत्रं लिहिण्यापलीकडे कामाला आली नव्हती. कंपनी पहिल्यांदाच शर्यतीची सायकल काढणार होती, आणि तिची परीक्षा घ्यायला, शिवाय जाहिरातीत उभं करायला, त्यांना युरोपातला खरा व्यावसायिक हवा होता. मला वाटलं, कोणी मोठा खेळाडू येईल, काळा चष्मा वगैरे. बाहेर आला तो पंचविशीतला एक किडकिडीत पोरगा. पाय मात्र दुसऱ्याच कोणाचे असावेत असे. एका बाजूला सायकलचं खोकं, दुसऱ्या बाजूला एवढीशी पिशवी. मी पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. तू ते नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "इथे वारा कुठल्या बाजूने येतो?"

मला ते माहीत नव्हतं. पाच वर्षं राहत होते मी या गावात.

आदंबाक्कमला सरस्वतीबाईंच्या वरच्या खोलीत तुझी सोय मीच लावून दिली. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांची मराठी निम्मी जुन्या पोथीतली आणि निम्मी तमिळ, त्यामुळे त्यांचं मला अर्धंच समजायचं आणि तुला तर काहीच नाही. तरी तुम्हा दोघांचं बरं जमलं. त्या तुला लोई म्हणायच्या. तू त्यांच्याकडे दहीभात हाताने खायला शिकलास आणि त्या तुझ्याकडून 'सा वा' शिकल्या. कसा आहेस विचारलं की तुझं ते एकच उत्तर: सा वा. ठीक चाललंय. ऊन डोक्यात गेलं तरी सा वा, पोट बिघडलं तरी सा वा.

साताऱ्याला आईला फोनवर मी सांगितलं, "आमच्याकडे फ्रान्सचा सायकलपटू आलाय."

"सायकल चालवायचा पगार मिळतो?" आईने विचारलं.

"मिळायचा. आता नाही मिळत, म्हणून तर इथे आलाय."

"म्हणजे नापास झालेला," आई म्हणाली.

मी चिडून फोन ठेवला. पण तो शब्द मला लागला तो तुझ्यासाठी नव्हे, हे आज कबूल करते. माझा मित्र नापास झालेला असावा, हे मला माझ्यासाठी नको होतं.

आपल्या रविवारच्या सकाळी आठवतात ना? ओरगडमकडे तेव्हा नवे रुंद रस्ते होत होते. मी स्कूटीवर पुढे आणि तू माझ्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून. मी आरशात बघत घाबरायची आणि तू ओरडायचास, "अजून जोरात, मीनल!" मग कुठेतरी टपरीवर थांबून चहा. तिथेच एकदा तू मला तुझा धंदा समजावून दिलास. सायकलच्या शर्यतीत सगळा खेळ वाऱ्याचा असतो, म्हणालास. पुढचा माणूस वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशाने जातो आणि त्याची ताकद वाचते. प्रत्येक संघात एक नायक असतो. बाकीचे त्याच्यासाठी वारा खातात. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, अंगातल्या जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि ते सगळं ओझं घेऊन घोळक्यातून वाट काढत पुन्हा पुढे यायचं. नायकाचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं.

"आमच्यात याला दोमेस्तिक म्हणतात," तू म्हणालास. "तुझ्या भाषेत काय म्हणतील?"

मी विचार करून म्हटलं, "घरगडी."

"गरगडी." तू तो शब्द दोनतीनदा घोळवलास आणि खूश झालास. "मी अडीच वर्षं गरगडी होतो. चांगला होतो."

त्याच टपरीवर तू मला तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस सांगितलास. दक्षिणेकडची कुठली तरी डोंगरातली शर्यत. चढाच्या पायथ्याशी तुमच्या नायकाचं मागचं चाक गेलं. गाडी खूप मागे होती. तू उतरलास, स्वतःचं चाक काढून त्याला बसवून दिलंस, आणि तो दिसेनासा झाल्यावर एक चाक नसलेली सायकल धरून कडेला उभा राहिलास. गाडी येईपर्यंत सगळे तुझ्या पुढून निघून गेले. तू एकट्याने तो डोंगर चढलास. पोचलास तेव्हा दिलेली वेळ संपून गेली होती आणि नियमाप्रमाणे तू शर्यतीतून बाद. ती शर्यत तुमचा नायक जिंकला. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांसमोर उठून उभा राहिला, तुझं नाव घेतलं आणि बसला. बस, एवढंच.

"मी बाद झालो तो दिवस," तू हसत होतास. "त्याच्याहून चांगला दिवस मला मिळाला नाही."

फ्रान्सची ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत, जिचं नाव इथल्या डीलरलाही ठाऊक असतं, तिच्यात तुला कधी निवडलंच नाही. हेही तूच सांगितलंस, न विचारता. ताकद वाढवायच्या गोळ्या-इंजेक्शनांचं मी विचारलं, तेव्हा कपाकडे बघत म्हणालास, "एकदा एकाने देऊ केलं होतं. आई नर्स आहे, तिचं तोंड आठवलं, घाबरलो आणि नको म्हटलं. पण मी थोडा अधिक चांगला असतो, जिंकण्याच्या जवळ असतो, तर काय केलं असतं ते माहीत नाही." इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. खरं तर त्यामुळेच तुझी भीती वाटायला हवी होती मला.

एकदा कंपनीचीच सायकल देऊन तू मला बेसंट नगरच्या समुद्रापर्यंत नेलंस. शाळा सुटल्यापासून मी पायडल मारलं नव्हतं. समोरून समुद्राचा वारा. तू पुढे झालास आणि म्हणालास, "माझ्या मागच्या चाकाकडे बघ. दुसरीकडे कुठेच बघू नको." मी बघत राहिले आणि पोचले. मला वाटलं, किती सोपं आहे. परत येताना तू मुद्दाम बाजूला झालास तेव्हा कळलं, माझ्यासाठी कोण काय करत होतं ते.

आणि त्यानंतर महिन्याभरातच मी तुला त्या स्टेजवर उभं केलं.

माहितीपत्रक आमच्या मार्केटिंगच्या शेषाद्री सरांनी केलं होतं. त्यात तुझ्या फोटोखाली त्या मोठ्या शर्यतीचं नाव होतं, तू त्यातला मुरलेला खेळाडू असल्यासारखं. मी ते छापायच्या आधी वाचलं होतं. बोलायला गेलेही होते. सर म्हणाले, "मीनल, सगळे सायकलवालेच ना ते? डीलरला काय फरक पडतो? आणि या वेळी तुझं नाव असिस्टंट मॅनेजरसाठी गेलंय, माहीत आहे ना?" मी गप्प बसले. मग हॉटेलचा तो गार हॉल, आंध्र-तमिळनाडूचे डीलर आणि पडद्यामागून येणारी लाल सायकल. तू इंग्रजीत अडखळायचास म्हणून तू फ्रेंचमध्ये बोलणार आणि मी इंग्रजीत सांगणार, असं ठरलं होतं.

तू तोच दिवस सांगितलास. पंक्चर, डोंगर, एक चाक नसलेली सायकल. तू म्हणालास, "मी कधीही जिंकलो नाही. मी दोमेस्तिक होतो. सायकल चांगली की वाईट हे जिंकणाऱ्यापेक्षा माझ्यासारख्याला जास्त कळतं, कारण ती घेऊन मी दिवसभर मागे-पुढे करायचो."

याहून चांगली जाहिरात त्या कंपनीला पुन्हा मिळणार नाही. पण समोर दोनशे खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि माझ्या तोंडातून 'नोकर' हा शब्द निघेना. तुझी लाज वाटली मला, लोइक. तुझ्या शेजारी उभी राहून, तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाची लाज वाटली. मी म्हणाले की तू थोरामोठ्यांबरोबर डोंगर गाजवलेस, ऐन मोक्याला आघाडी सांभाळलीस आणि तुझ्या डावपेचांमुळे तुमचा संघ जिंकला. टाळ्या पडल्या. तू बाद झालास त्या जागी टाळ्या पडल्या, आणि त्यावरूनच तुला कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग लोकांकडे बघून मान झुकवलीस आणि खाली उतरलास.

परतताना गाडीत तू विचारलंस, "मी काय म्हणालो?"

"छान बोललास."

"मी नाही. तू बोललीस." थोड्या वेळाने म्हणालास, "माहितीपत्रकाचा तो कागद बदलून घे, मीनल. ती शर्यत खरोखर पुरी केलेली माणसं आहेत. त्यांच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटतंय."

"इथे कोणाला फरक कळतो?"

"मला कळतो."

तिथेच मी हो म्हणायला हवं होतं. पण अपराधी माणसाला जो राग येतो तो मला आला आणि मी म्हणाले, "खरं लिहिलं असतं तर आलं असतं का कोणी? पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्याला बघायला कोण येतं?"

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दार उघडून उतरलास आणि चालत निघून गेलास.

त्यानंतर आपण बोललो नाही. तू आवडी गावाच्या बाजूच्या आपल्या कारखान्यात जायचास, सायकली तपासायचास, अहवाल थेट तिकडच्या इंजिनिअरला द्यायचास. मला बढती मिळाली. पेढे वाटले मी. तुझ्यासाठी दोन सरस्वतीबाईंकडे ठेवून आले, तू घरी नसताना.

दोनेक महिन्यांनी सरस्वतीबाईंचा फोन आला. "लोई खाली उतरला नाही गे अम्मा. अंग तापलंय. भाताची कंजी दिली ती तशीच आहे. मी सांगिटलें, डॉक्टरकडे जा. तो सावा सावा म्हणतो. तू येऊन त्याच्या भाषेंत विचार." मी कामात होते. पण ते खरं कारण नव्हे. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, हे कारण होतं. मी म्हटलं, "तापाची गोळी द्या. शनिवारी येते."

दुसऱ्या दिवशी तू तसाच सायकलवर कारखान्यात गेलास. अंगात ताप घेऊन चालवत राहायचं, तक्रार करायची नाही, हेच तर शिकवलं होतं तुला अडीच वर्षं. फाटकाशी बसलास तो उठलाच नाहीस. डेंग्यू फार पुढे गेला होता. मी पोचले तेव्हा तू अतिदक्षता विभागात होतास. मला पाच मिनिटं आत सोडलं. बोलायला एवढं होतं, आणि मी विचारलं काय, तर कसं वाटतंय. तू ओठ हलवलेस. सा वा. आपल्यातलं शेवटचं बोलणं ते.

तुझी आई आली. काळा फ्रॉक, उन्हाने लाल झालेला चेहरा. कंपनीने कँटीनच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. तुझ्या फोटोला गुलाबाचा हार, पुढे समई. मी तुझ्या आईशेजारी बसून तिच्या कानात एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत होते. शेषाद्री सर उठले आणि त्यांनी त्या मोठ्या शर्यतीचं नाव घेतलं. ते नाव सगळ्या भाषांत सारखंच आहे, मी सांगायची गरजच पडली नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "त्या शर्यतीतले सगळे औषधं घेतात म्हणे. तसंच काहीतरी असेल." तुझ्या वाट्याला तेही मीच आणून ठेवलं.

तुझी आई माझ्याकडे वळली. "त्या शर्यतीचं नाव का घेतायत?"

सर काय म्हणाले ते मी सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "असं त्याने सांगितलं होतं का तुम्हाला?"

समोर तुझा फोटो, आणि तुझ्या आईला तुझीच शरम वाटत होती. तू परक्या देशात येऊन खोटं बोललास, असं तिला वाटलं होतं. क्षणभर मी तिला तसंच वाटू देणार होते, लोइक. अशी आहे मी. मग म्हणाले, "नाही. त्याने खरंच सांगितलं होतं. खोटं मी बोलले."

तिला बोलायला बोलावलं तेव्हा उठली आणि मला हाताने खूण केली, चल. माइकसमोर म्हणाली, "माझा मुलगा ती शर्यत कधी धावला नाही. त्याने कधीच काही जिंकलं नाही. तो दोमेस्तिक होता, दुसऱ्यांसाठी पाणी आणायचा. ते काम तो चांगलं करायचा." मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. नोकर हा शब्दही म्हटला. मग पुढच्या रांगेतल्या सरस्वतीबाईंसाठी मराठीत सांगितलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नंतर शेषाद्री सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोंजम, थोडं ॲडजस्ट करायचं होतंस ना, मीनल. त्यांना कुठे कळणार होतं?"

संध्याकाळी तुझ्या खोलीवर आम्ही दोघी तुझं सामान आवरत होतो. मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी वाट बघत होते, बोलली असती तर बरंही वाटलं असतं. ती पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाली.

"तुला त्याने गुडघ्याचं सांगितलं होतं?"

"कसला गुडघा?"

"संघाने त्याचा करार वाढवला नाही. एका फोनवर संपलं सगळं. गाव लहान, सगळे विचारणार. मी त्याला न विचारता सांगून टाकलं की गुडघा कायमचा दुखावलाय, म्हणून सोडावं लागलं. बेकरीत सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. तो घरी आला त्या दिवशी बेकरीवालीने त्याला विचारलं, गुडघा कसा आहे रे?"

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून तो गावात लंगडत चालायला लागला." तिने तुझा एक मोजा हातात धरला होता. "मला खोटं पडू द्यायचं नव्हतं त्याला. इथली नोकरी मिळेपर्यंत लंगडत होता. आमचं गाव उताराचं आहे. मी खिडकीतून बघायची त्याला खाली जाताना. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं."

सरस्वतीबाई कॉफी घेऊन वर आल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि पेले ठेवून खाली गेल्या.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ते स्टेज हलत नाही. मी आजवर समजत होते, तुला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तू तिथे गप्प राहिलास. पण 'नो' म्हणायला किती इंग्रजी लागतं? दोनशे माणसांसमोर तू तेवढं एक अक्षर उच्चारलं असतंस, तर माझं तोंड तिथल्या तिथे काळं झालं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस, सगळं समजलास आणि मान झुकवून टाळ्या घेतल्यास. नंतर गाडीत, कोणी ऐकत नसताना, मला कागद बदलायला सांगितलंस.

त्या दिवशी तू माझ्यासाठी लंगडत चाललास, लोइक. आणि तुझ्या शेजारी उभी असलेली मी, चांगल्या धडधाकट पायांनी, पुढे निघून गेले.